तोंड सोडून सगळ्याचा विमा

वणीच्या बाजारात मला लांबून पाहिलं की काही माणसं रस्ता बदलतात. त्यांच्याकडे माझं काही येणं नसतं. मी आरोग्यविम्याची एजंट आहे, एवढंच. मी समोर आले की माणसाला आपलं वय आठवतं आणि दुखरा गुडघा आठवतो. साठीच्या उंबरठ्यावरची मंडळी तर मला फारच टाळतात, आणि माझं काम नेमकं त्यांच्याशीच.

माझं माहेर देवगडच्या बाजूचं. दहावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात लग्न झालं आणि शाळा संपली. नवरा कोळशाच्या ट्रकांच्या गॅरेजात मिस्त्री, त्याच्यामागून मी वणीला आले. समुद्र बघत वाढलेल्या मुलीनं इथला मे महिना पहिल्यांदा पाहिला, तेव्हा ही माणसं जिवंत कशी राहतात हेच कळेना. दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत त्यांच्यावर काजळी धरायची. भाषा मराठीच, पण निम्मी डोक्यावरून जायची. "काहून उभी हाय व तिथं?" असं घरमालकीणकाकूंनी विचारलं तेव्हा मला वाटलं, हाकलतायत. त्या चहाला बोलवत होत्या. पहिल्याच आठवड्यात भाजी आणायला गेले आणि परतीची वाट चुकून चौकात रडत उभी राहिले. काकूंनीच हात धरून घरी आणलं. त्याच काकूंनी तळहातावर चिमूटभर खर्राही ठेवला होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोट घोट घोटतात, तो खर्रा. मी तोंडात टाकला आणि लगेच अंगणात ओकले. अख्खी गल्ली हसली. आपल्याला तेव्हा उलटी झाली, हे फार बरं झालं असं आता वाटतं.

पुढं काकूच म्हणाल्या, "मॅट्रिक पास हाय न तू? मंग घरी बसून काहून राह्यली? एजंटची परीक्षा दे." मी दिली. पहिली पॉलिसीही त्यांनीच काढली. त्यांचे उपकार मी कुठं फेडणार? घाबरट स्वभावामुळे आजही नव्या गिऱ्हाईकाचं दार वाजवण्याआधी मी एकदा तरी फाटकातून मागं फिरते. पण दार उघडलं की पाणी आधी येतं आणि 'नाही' नंतर येतं. इथल्या माणसांचं हे मला फार आवडतं.

धंदा समजायला सोपा आहे. नोकरीत असताना बऱ्याच ठिकाणी मालक सगळ्या कामगारांचा मिळून एक विमा काढतो. त्यात नवरा-बायको दोघं येतात आणि तब्येतीची विचारपूस कुणी करत नाही. निवृत्तीच्या दिवशी तो विमा संपतो. म्हणजे शरीर कुरकुरायला लागतं तेव्हाच डोक्यावरचं छप्पर जातं. मग स्वतःचा विमा घ्यायचा, तर साठीतल्या माणसाचा हप्ता ऐकून तो खुर्चीवरून उठतो. वर कंपनी सतरा प्रश्न विचारते. साखर आहे का, बीपी आहे का, तंबाखू खाता का. आधीपासून असलेल्या आजाराला दोन-तीन वर्षं थांबायला लावते, नाहीतर तो आजार वगळून बाकीचं घेते. ह्यात काय निवडायचं, काय परवडेल आणि काय सोडून दिलं तर चालेल, हे समजावून सांगायचं माझं काम.

लोक ऐकतात ते आपल्या सोयीनं. दारव्ह्याच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला होता. आवाज खोल गेलेला. म्हणाले, "मॅडम, तुमी मांगं आल्या होत्या न, थे पॉलिसी आता काढून टाकू म्हनतो." मी खूश. विचारलं, कधी येऊ? तर म्हणाले, "याची गरज नाई. मी आयसीयूतून बोलून राह्यलो. आज काढली तं उद्यापासून चालू होईन न?" एक निवृत्त बाबू दरवर्षी विचारायचे, वर्षभर काही झालं नाही तर पैसे परत का? नाही म्हटलं की तोंड पाडून म्हणायचे, "मंग मले बिमार पडाच लागन."

पण सगळ्यात जास्त धक्का मला एकाच प्रश्नानं दिला. 'तंबाखू खाता का?' माणूस माझ्यासमोर पन्नी घोटत बसलेला असतो, गाल फुगलेला असतो, आणि तो शांतपणे सांगतो, "नाई बा, तंबाखू नाई खात आपन." मग हा काय? "हा तं खर्रा हाय." खोटं बोलत नसतात ते. त्यांच्या हिशेबी तंबाखू हे व्यसन आणि खर्रा हा पाहुणचार. चहासारखा. सुरुवातीला मीही 'नाही' असं लिहून घेणार होते. पण एका दातांच्या डॉक्टरांकडे पॉलिसी द्यायला गेले असताना त्यांनी मला एक युक्ती शिकवली. माणसाला सांगायचं, मधली तीन बोटं उभी धर आणि तोंडात घाल. धडधाकट तोंडात तिन्ही जातात. खर्ऱ्यानं गाल आतून चामड्यासारखे ताठ होत जातात, मग दोनच जातात, मग एक. तेव्हापासून हप्त्याचं बोलण्याआधी मी ही परीक्षा घेते. माणसं हसतात आणि पोरांसारखी बोटं तोंडात घालून दाखवतात.

आता मुरलीधर झाडेंकडे येते. एका जिनिंग मिलच्या वजनकाट्यावर त्यांचा जन्म गेला. कापसाच्या गाड्या मोजायच्या आणि शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या. गावापासून थोड्या अंतरावर त्यांचं स्वतःचं वावर, कापूस आणि तूर. वावर सगळं त्यांच्या बायकोनं, कुसुमकाकूंनी सांभाळलं. मुलगा पुण्याला. त्यानंच फोन करून मला पाठवलं. बाबा ह्या महिन्याच्या शेवटी रिटायर होतायत, मिलचा विमा जाईल, काहीतरी बघा.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. कुसुमकाकूंनी तिळगूळ दिला आणि जेवायलाच बसवलं. रस्सा असा, की पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. स्वतः मात्र त्या वरणभात कालवून, पार गिळगिळीत करून जेवत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिखट सोडलं मी. पित्त होते." दात न उघडता बोलायची त्यांना सवय होती. मला वाटलं, किती हळू आणि किती सोज्वळ बोलतात.

झाडेभाऊ हप्त्याचा आकडा ऐकून हबकले. "एवढे? एवढ्यात तं दुभती म्हैस येते, मॅडम!"

"म्हैस तुम्हाला आयसीयूत दूध पाजणार आहे का?" मी म्हटलं. इथं राहून मलाही बोलता यायला लागलंय.

"अवो, पन म्हैस दरवर्षी नवी नाई घ्या लागत."

काकू हसल्या. हसताना हात तोंडावर. मी फॉर्म काढला आणि तंबाखूवर आले. झाडेभाऊंनी खिशातली पन्नी काढून सरळ समोर ठेवली. "हे हाय आपलं. लपवाचं काहून? पन बोटं पाहा." तिन्ही बोटं आत. वर अभिमान असा, जशी कुस्ती मारलीय. "दिवसातून एक-दोनच. आमच्या घरात बाकी कोनी हात नाई लावत. बाईमानसानं तं नाईच नाई. ही तं वासानं भांडते माह्याशी."

मी सवयीनं म्हटलं, "काकू, आता तुमचं."

"मले काय होते व, पोरी," म्हणून त्या ताटं उचलायला लागल्या.

"दाखव न व," झाडेभाऊ म्हणाले. "मॅडमले लिहा लागते."

"भांडी पडली हायेत."

"मी घासतो भांडे. दाखव!"

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसला आणि बोटं तोंडाजवळ नेली. एक बोट गेलं. दुसरं गेलं नाही. त्यांनी जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, पण नाही गेलं.

मी इतक्या तोंडांत इतकी बोटं पाहिली, पण तशी गार कधी पडले नव्हते. झाडेभाऊंना आधी काही समजलंच नाही. मग समजलं, तर पहिला प्रश्न काय विचारावा माणसानं?

"कोनाचा खात होती?"

"तुमचा नाई," काकू म्हणाल्या. "मजुरायचा."

हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे कापूस वेचायला बाया बोलवायच्या तर मजुरीशिवाय खर्रा द्यावा लागतो. पाण्याच्या कॅनसोबत खर्ऱ्याची पिशवीही वावरात जाते. नाही गेली तर दुसऱ्या दिवशी बाया शेजारच्याच्या वावरात. झाडेभाऊ मिलमध्ये काट्यावर, म्हणून ती पिशवी नेण्याचं, घोटण्याचं आणि वाटण्याचं काम मालकीणबाईचं.

"पहिल्या साली मी नुसती वाटत होती," काकू खाली बघून बोलत होत्या. "बाया पऱ्हाटीच्या धुऱ्यावर बसून खात, हसत, एकमेकीले सांगत. मी गेली की चूप. शेवंता म्हने, मालकीनबाई आपल्या हातानं देते, पन आपल्यात बसत नाई. मंग एक दिवस बसली. तुमी काट्यावर बसत होते, मले वावरात कोन होतं बोलाले?"

झाडेभाऊंनी समोरची पन्नी उचलून खिशात घातली. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, हे फारमात नोका लिहू. तुमच्याशिवाय कोनी पाहिलं हाय?"

हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि लिहू नका म्हणणारा माणूस वाईट नसतो, घाबरलेला असतो. मी म्हटलं, "भाऊ, उद्या काकूंना दवाखान्यात न्याल, तर डॉक्टर पहिल्यांदा तोंडच उघडायला सांगेल. तेव्हा कंपनी विचारेल, हे आधी का नाही सांगितलं? हप्ता जाईल आणि विमाही जाईल. माझी पॉलिसी राहू द्या बाजूला. मिलचा विमा अजून चालू आहे. त्यात काकूंचं नाव आहे, आणि त्यांना कुणी काही विचारलेलं नाही. महिना संपायच्या आत ह्यांना नागपूरला न्या."

"म्हनजे... कॅन्सर?"

"ते मी कशी सांगू? मी दहावी पास आहे, भाऊ."

दुसऱ्या दिवशी तिघं एसटीनं नागपूरला गेलो. मी का गेले? त्यात माझं कमिशन नव्हतं, मिलचा विमा माझा नव्हताच. पण काकूंनी फाटकात माझा हात धरला होता आणि सोडला नव्हता. तिथल्या तोंड-दातांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. गाल दोन्हीकडून ताठ, आणि डावीकडे आत एक पांढरा चट्टा. तुकडा काढून तपासायला पाठवला. तो निकाल येईपर्यंत मी घरी भाजीत मीठ घातलं की नाही हे नवऱ्याला विचारत होते.

निकाल आला. कॅन्सर नव्हता, पण त्याच वाटेवरचा चट्टा होता. डॉक्टर म्हणाले, तो काढून टाकू आणि ताठ झालेले पट्टेही कापून मोकळे करू. उशीर करू नका. हे सगळं महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. भरती करायचं ठरलं आणि विमा कंपनीचा निरोप आला, नामंजूर. कारण काय, तर 'दातांचे उपचार समाविष्ट नाहीत.'

झाडेभाऊंनी कागदांची फाइल माझ्या हातात दिली. मला राग आला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम. पण ह्या खाचाखोचांत माझं आयुष्य गेलंय. दाताच्या डॉक्टरनं केलं म्हणजे ते दाताचं होत नाही. मी काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, "ताई, ऑपरेशन गालाचं आहे, दाताला कुणी हात लावणार नाही. डॉक्टरांकडून तेवढंच लिहून घेऊ आणि परत पाठवू." तिनं पाठवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा फोन केला. मग काकूंना ॲडमिट करून घ्या, डिपॉझिट आम्ही भरतो, असं मीच म्हणाले आणि लगेच घाबरले, कारण 'आम्ही' म्हणजे कोण? पर्स उघडून बघायची माझी हिंमत झाली नाही. झाडेभाऊंनी मुलाला फोन लावला, त्यानं पैसे पाठवले आणि काकू भरती झाल्या.

मंजुरी आली तेव्हा मिलमध्ये झाडेभाऊंचा निरोपसमारंभ चालू होता. ते इथं हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये इडली खात होते. ज्या माणसानं वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे सत्कार खुर्च्या मांडून केले, त्याच्या स्वतःच्या सत्काराला रिकामी खुर्ची. संध्याकाळी मॅनेजर स्वतः शाल आणि नारळ घेऊन हॉस्पिटलात आले. झाडेभाऊंनी ती शाल काकूंच्या पायांवर पांघरली. "घे. तुहंच रिटायरमेंट हाय हे."

ऑपरेशननंतर काकूंना व्यायाम दिला. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या. चार-चार दिवसांनी एक काडी वाढवायची. झाडेभाऊंनी काड्यांची जुडी आणली आणि रोज सकाळी समोर बसून मोजत. जन्मभर क्विंटल मोजलेला माणूस. "आज एक जास्त!" म्हणून मला फोन करत. स्वतःचा खर्रा त्यांनी सोडला असं लिहायला मला आवडलं असतं. कमी केला. अंगणात जाऊन खातात.

मग नवा विमा. आता लपवायला काही उरलंच नव्हतं, सगळं लिहून पाठवलं. एका कंपनीनं सरळ नाही म्हटलं. दुसरीनं झाडेभाऊंना खर्ऱ्याबद्दल हप्ता वाढवून घेतलं आणि काकूंना एका अटीवर घेतलं. तोंडाचा कॅन्सर आणि त्यासंबंधीचं काहीही कायमचं वगळून. मी ती अट वाचून दाखवली तेव्हा मला वाईट वाटत होतं. जे दुखतं तेच बाहेर.

झाडेभाऊ म्हणाले, "म्हनजे तोंड सोडून सगळ्याचा विमा."

"होऊ द्या," काकू म्हणाल्या. "बाकीचं कंपनीनं पाहावं. तोंडाचं माहं मी पाहून घेतो." त्या दिवशी त्या माझ्यासमोर पहिल्यांदा तोंड उघडून हसल्या. दोन बोटं जातात आता, तिसरं टेकतं.

ह्या वेळी दिवाळीच्या तोंडावर वेचणी सुरू झाली. झाडेभाऊंची एक सही राहिली होती आणि ते वावरात होते, म्हणून मी तिथं गेले. बाया ओटीत कापूस भरत होत्या. दुपारची सुट्टी झाली. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, काकू बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात तीच पिशवी होती. खर्ऱ्याची. मी बघतच राहिले. त्यांनी माझं तोंड ओळखलं.

"काय करू, पोरी? नाई आनला तं बाया येत नाई. मी खात नाई, तुही शपथ."

शेवंता, डोक्याला फडकं बांधलेली, काळी सडसडीत बाई, पुढं आली. "आना न मालकीनबाई. तुमचं झालं ऑपरेशन, आमाले कायले ठेवता उपाशी?" सगळ्या हसल्या.

मला काय झालं कोण जाणे. मी म्हटलं, "आधी तीन बोटं दाखवा. मग खा."

त्यांना तो खेळच वाटला. कापसाच्या बोंडांनी चिरलेली बोटं, चुन्यानं पांढरी झालेली नखं. एकीची दोन गेली. दुसरीची दोन, तीही कशीबशी. एका कोवळ्या सुनेची तिन्ही गेली, तिला बाकीच्यांनी चिडवलं. मग दोन, मग दीड. हसणं हळूहळू कमी होत गेलं. शेवंतानं शेवटी घातलं. एकाच बोटाचं टोक आत गेलं. ती ते बोट तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. मग बोट काढून लुगड्याला पुसलं.

"मॅडम, तुमी इमा काढता न? माहा काढा."

इतक्या वर्षांत मला पाहून माणसं पळाली आहेत. कुणी आपणहून असं मागितलं नव्हतं. आणि जिनं मागितलं तिला देण्यासारखं माझ्या बॅगेत काही नव्हतं. कुठलीच कंपनी तिला घेणार नव्हती आणि कुठलाच हप्ता तिला झेपणार नव्हता. मी कसंबसं म्हटलं, "विमा नाही, शेवंताबाई. पण यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात तोंड तपासतात. रेशनकार्डावर फुकट इलाजाची योजनाही आहे. मी नेलंय तिथं दोघा-चौघांना. जावं मात्र लागेल."

"कोन नेते आमाले? अन् खाडा पडला तं मजुरी?"

काकूंनी पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. दातानं ओढून पक्की केली, त्या दातांनी. मग नवऱ्याला हाक मारली. "आयकता काय? उद्या वेचनी बंद. जीप सांगा."

झाडेभाऊ कापसाच्या गाठोड्यामागून उठले. "डोकं फिरलं काय तुहं? आभाळ पाहा. कापूस भिजन न व!"

"भिजू द्या. मजुरी द्याची, खाडा नाई मोजाचा. मी मिलच्या इम्यावर ऑपरेशन केलं, ह्यायची कोनती मिल हाय?"

"अन् खर्ऱ्याचं?"

"थे जीपच्या भाड्यात गेलं."

झाडेभाऊंनी आभाळाकडे पाहिलं, शेवंताकडे पाहिलं, मग खिशातला मोबाइल काढून लांब जाऊन उभे राहिले. जीपवाल्याशी त्यांची घासाघीस ऐकू येत होती. काकू बायांकडे वळल्या. रेशनकार्ड घ्या, आधार घ्या, पहाटे फाट्यावर या, जी नाही येणार तिच्या घरी मी येईन. मग मला म्हणाल्या, "उद्या तू समोर बस, डायवरपाशी."

मी म्हटलं, मी मागं बसते, तुम्ही मोठ्या.

"आमी कोनी गेलो नाई तिथं," कुसुमकाकू म्हणाल्या. "तुले रस्ता मालूम हाय, पोरी."